एमबीए आधी की भोसरीतला धंदा आधी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३०, एकूण ७ वर्षांचा अनुभव, त्यातली ४ वर्षं ५ महिने हिंजवडीतल्या सध्याच्या आयटी सेवा कंपनीत. काम जावा बॅकएंडचं, सीटीसी (कंपनीला तुमच्यावर पडणारा वर्षाचा एकूण खर्च) १८ लाख. वाकडला फ्लॅट, त्याचा हप्ता ३८ हजार. बायको नोकरी करते, तिच्या हातात ६० हजार येतात. शिल्लक ११ लाख. डोक्यात एक कल्पना आहे: पुण्याजवळच्या भोसरी-चाकण औद्योगिक पट्ट्यातल्या छोट्या मशिन शॉपसाठी, म्हणजे धातूचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांसाठी, सॉफ्टवेअर, कॉलेजमधल्या मित्राला भागीदार घेऊन. आणि घरचे म्हणतात, "आधी एमबीए कर, मग धंदा कर, म्हणजे पाठीशी काहीतरी राहील."

घरच्यांचं म्हणणं ऐकायला सगळ्यांत सुरक्षित वाटतं. तुमच्या परिस्थितीत मला तीच वाट सगळ्यांत अवघड वाटते. अडचण हुशारीची नाही, पैशाच्या क्रमाची आहे. तो हिशोब पुढे मांडतो.

त्याआधी प्रश्न जरा सरळ करून घेऊ. एमबीए आणि धंदा हे एकाच दुखण्यावरचे दोन उपाय नाहीत. तुमच्या लिहिण्यातून दोन वेगळी दुखणी दिसतात. एक, रोज दुसऱ्याने ठरवलेली तिकिटं (नेमून दिलेली छोटी कामं) बंद करायचा कंटाळा आलाय आणि काय बनवायचं हे ठरवणाऱ्या खुर्चीत बसायचंय. दोन, स्वतःचं काहीतरी उभं करायचंय. पहिल्यावर एमबीए हा एक उपाय आहे, एकमेव नाही. दुसऱ्यासाठी पैसे मोजणारा माणूस लागतो, आणि तो कुठल्याही वर्गात भेटत नाही. यातलं कोणतं दुखणं जास्त हे तुम्हालाच ठरवावं लागेल. बायकोची नोकरी किती पक्की आहे, आई-वडील तुमच्यावर अवलंबून आहेत का, पुणं सोडायची तयारी आहे का, यावरही उत्तर बदलतं. खालचं सगळं तुम्ही दिलेल्या आकड्यांवर आहे. आकडे वेगळे असतील तर निष्कर्षही वेगळा निघेल.

आधी एमबीए. ७ वर्षांच्या अनुभवानंतर कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन दोन वर्षांच्या नेहमीच्या अभ्यासक्रमाला जाण्यात फारसा अर्थ नाही. वर्गातले बहुतेकजण शून्य ते तीन वर्षांच्या अनुभवाचे असतात, आणि कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्यांची पदं आणि पगार त्याच हिशोबाने ठरलेले असतात. तुमच्यासाठी खरा पर्याय एक वर्षाचा पूर्णवेळ कार्यक्रम: आयआयएम अहमदाबादचा पीजीपीएक्स (किमान ४ वर्षांचा अनुभव), आयआयएम बंगळुरूचा ईपीजीपी (किमान ५ वर्षं), किंवा हैदराबाद-मोहालीच्या आयएसबीचा पीजीपी. तिथे जीमॅट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर चालतो. तो ५ वर्षं ग्राह्य असतो, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. पुण्यातले शनिवार-रविवारचे एक्झिक्युटिव्ह एमबीए वेगळ्या कामाचे आहेत. आहे त्या कंपनीत बढतीसाठी पदवीची अट अडत असेल तर उपयोगी, पण त्यांच्या जोरावर कॅम्पस प्लेसमेंट मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. आणि काही आठवड्यांचं ऑनलाइन सर्टिफिकेट म्हणजे एमबीए नव्हे, संस्थेचं नाव कितीही मोठं असो.

मोठ्या संस्थेत खरं मोल दोन गोष्टींचं असतं: कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्यांचा दरवाजा आणि सोबत शिकलेली माणसं. ताळेबंद वाचणं, किंमत ठरवणं, वाटाघाटी हे सगळं शिकवतात आणि चांगलं शिकवतात, पण तेवढ्यासाठी कोणी इतका पैसा घालू नये. शुल्क, राहणं, जेवण धरून या एक वर्षाच्या कार्यक्रमांचा खर्च ३५-४० लाखांच्या घरात जातो, कुठे थोडा वरही. शिवाय एका वर्षाचा हातात येणारा पगार बुडतो, तो १४-१५ लाख. म्हणजे ५० लाखांचा निर्णय आहे.

समजा ३० लाख कर्ज काढलं. नावाजलेल्या संस्थांसाठी बँका विनातारण देतात, त्यामुळे ते मिळणं अवघड नाही. १० टक्के व्याज आणि १० वर्षं मुदत धरली तर हप्ता साधारण ३९,६०० रुपये. मुदत ७ वर्षं केली तर ४९,८००. अभ्यासक्रम चालू असताना आणि नंतरच्या सवलतीच्या महिन्यांत हप्ता नसला तरी व्याज चढत असतं, आणि ते भरलं नाही तर मुद्दलात मिसळतं. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता यात मिळवा: महिन्याला ७७ हजारांच्या वर फक्त हप्ते. नुसता शिक्षणाचा हप्ता भरण्यापुरते पैसे कर वजा जाता हातात यायला वर्षाला सुमारे ६ लाखांची पगारवाढ लागते. त्याच्या वरचं जे असेल तो तुमचा फायदा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर करात वजावट मिळते असं कोणी सांगेल, ती फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. नव्या पद्धतीत असाल तर ती हिशोबात धरू नका.

आता विचार करा. असा हप्ता डोक्यावर असलेला माणूस एमबीए संपल्यावर धंदा सुरू करेल का? पहिली चार-पाच वर्षं तो नोकरीच करेल, आणि ते शहाणपणाचंच असेल. तोवर तुम्ही ३५-३६ वर्षांचे, पगार वाढलेला, राहणीमान वाढलेलं, कदाचित मूल शाळेत. "आधी एमबीए मग धंदा" यातला "मग" इथे हरवतो. काही आयआयएममध्ये दोन वर्षांच्या कार्यक्रमातल्या विद्यार्थ्याने प्लेसमेंटऐवजी स्वतःचा उद्योग निवडला तर पुढच्या दोन वर्षांत त्याला पुन्हा प्लेसमेंटला बसू देतात. सोय चांगली आहे, पण एक वर्षाच्या कार्यक्रमाला ती लागू आहे का हे प्रवेश घेण्याआधी लेखी विचारा. आणि ती असली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही.

उलट क्रम मात्र जमतो. धंदा करून पाहिला, जमला नाही, आणि मग ३२-३३ व्या वर्षी एक वर्षाच्या एमबीएला गेलात, तर या वर्गांमध्ये त्या वयाची माणसं नेहमीच असतात, जीमॅटचा स्कोअर जिवंत असतो आणि अर्जात लिहायला काहीतरी खरं असतं. ग्राहक शोधला, बिल वसूल केलं, दोन माणसं सांभाळली, हे मुलाखतीत "टीम लीड होतो" यापेक्षा कितीतरी बोलकं ठरतं. तुमच्या बाबतीत माझं मत या एका गोष्टीवर उभं आहे: धंद्याची चाचणी स्वस्त आहे आणि तीतून मागे येता येतं, एमबीए महाग आहे आणि ते पुढच्या कित्येक वर्षांचे हात बांधतं. म्हणून स्वस्त गोष्ट आधी.

यावरून एमबीए वाईट असं मात्र समजू नका. तुम्हाला कन्सल्टिंगमध्ये जायचं असेल, वेगळ्या उद्योगात व्यवस्थापनाच्या पदावर जायचं असेल, किंवा धंद्याची हौस ही मुळात सध्याच्या मॅनेजरवरचा राग असेल, तर सरळ एमबीए करा आणि लवकर करा. भोसरीचं नाव मग डोक्यातून काढून टाका.

एक तिसरी वाट तुमच्या यादीत नाही, आणि पुण्यातल्या सेवा कंपन्यांमध्ये ती हाताशी असते: प्री-सेल्स. ग्राहकाकडून आरएफपी, म्हणजे प्रस्तावाची मागणी, आली की उत्तर लिहिणारी, किती माणसं, किती महिने, किती दर हे ठरवणारी टीम. इंजिनिअर मंडळी तिला पीपीटी बनवणारे म्हणून हिणवतात. पण कंपनी पैसे कसे कमावते हे दिसतं ते तिथेच. साधं उदाहरण घ्या. तुमच्यासारख्या माणसाचा दर तासाला २५ डॉलर लावला आणि महिन्याचे १६० तास धरले तर बिल ४,००० डॉलरचं होतं, म्हणजे साडेतीन लाखांच्या आसपास. तुमची सीटीसी महिन्याला दीड लाख. मधले दोन लाख कुठे जातात? बेंचवरची (सध्या प्रकल्प नसलेली) माणसं, विक्रीचा खर्च, जागा, बस, वरचे मॅनेजर, उशिरा येणारे पैसे, आणि उरलं तर नफा. हा हिशोब ज्याला मांडता येतो त्याला पुढे स्वतःचा दर ठरवताना घाम फुटत नाही. सहा महिने अर्धवेळ का होईना, दोन-तीन प्रस्तावांवर काम मागून घ्या. काय बनवायचं ते ठरवणाऱ्या प्रॉडक्ट ओनरच्या पदाकडे जायलाही हा दरवाजा बरा. एक वर्षाचं एमबीए करून परत आयटीतच प्रॉडक्ट मॅनेजर होणारे पुष्कळ असतात. तेच पद कंपनीतल्या कंपनीत किंवा खराडी-बाणेरच्या एखाद्या प्रॉडक्ट कंपनीत मिळत असेल तर ४० लाख वाचतात.

आता भोसरी. इथे तुम्हाला एक फायदा आहे, जो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. भोसरी-चिंचवड एमआयडीसीत बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तुमची सुट्टी शनिवार-रविवारी, आणि त्या दिवशी शॉप चालू, मालक जागेवर. म्हणजे नोकरी न सोडता, रजा न टाकता, आठवड्याला दोन दिवस बाजार पाहता येतो. सकाळी दहाच्या आत जाऊ नका, तेव्हा शिफ्टची आणि मालाची गडबड असते. दुपारी जेवणानंतर मालक बोलायला मोकळा असतो.

सहा महिन्यांत ३० शॉप बघा. ओळखीतून सुरुवात करा, पण अर्ध्याहून जास्त शॉप अनोळखी असू द्या. आकार ठरवून घ्या: ८ ते २५ मशिन, सीएनसी-व्हीएमसी (संगणकाच्या सूचनांवर चालणारी), वाहन कंपन्यांच्या व्हेंडरना माल देणारे. त्याहून लहान शॉपला सॉफ्टवेअरची गरज वाटत नाही आणि मोठ्यांकडे ईआरपी (सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) असतं. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरला औद्योगिक प्रदर्शनं भरतात, तिथे एका दिवसात वीस मालकांशी बोलून होतं. मराठा चेंबर या उद्योजकांच्या संघटनेच्या कार्यक्रमांनाही जात जा.

"असं सॉफ्टवेअर असेल तर घ्याल का?" हा प्रश्न विचारू नका. पुण्यातला मालक चहा पाजून "हो, चांगलं आहे, बघू" म्हणेल आणि तुम्ही महिनाभर हवेत राहाल. त्याऐवजी सध्या काय करतात ते दाखवायला सांगा: जॉब कार्ड, रिजेक्शनचं रजिस्टर, बाहेर गेलेल्या मालाची चलनं. मग विचारा, गेल्या तीन महिन्यांत यातल्या चुकीने किती पैसे गेले? ज्या ठिकाणी मालक आकडा सांगतो आणि आवाज चढतो, तिथे धंदा आहे.

बहुतेक इंजिनिअर प्रॉडक्शनचा डॅशबोर्ड बनवायला निघतात. मालकाला त्याचं कौतुक नसतं, कुठलं मशिन चालू आहे हे त्याला केबिनमध्ये बसून आवाजावरून कळतं. पैसे सुटतात ते दुसऱ्याच गोष्टींसाठी. एक म्हणजे बाहेर प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला, ग्राइंडिंगला गेलेला माल. किती नग गेले, किती परत आले, किती रिजेक्ट झाले, कोणाच्या चलनावर. जीएसटी कायद्याप्रमाणे जॉब वर्कला पाठवलेला माल एक वर्षात परत यावा लागतो, नाही तर तो पाठवलेल्या दिवशीच विकला असं धरून कर लागतो. हा ताळमेळ महिनाअखेरीला अकाउंटंट हाताने लावत बसतो. दुसरं म्हणजे तपासणी अहवाल आणि पीपॅपची (ग्राहकाकडून भाग मंजूर करून घेण्याची) कागदपत्रं. वरच्या ग्राहकाचं ऑडिट आलं की दोन दिवस सगळं ऑफिस तेच करतं. अमुक लॉटला कोणत्या हीटचं (पोलादाच्या कोणत्या घाण्यातलं) मटेरियल वापरलं हे सांगता आलं नाही की शेरा बसतो. अशा कामाचे महिन्याला तीन-चार हजार मिळू शकतात, नुसत्या डॅशबोर्डचे पाचशेही जड वाटतात.

कुठे फसतं तेही सांगतो. ऑपरेटरच्या हाताला कूलंट असतो, तो टॅबला हात लावत नाही. नोंद सुपरवायझर शिफ्ट संपल्यावर आठवणीने करतो, म्हणजे तुमचा "लाइव्ह" डेटा आठ तास शिळा. म्हणून नोंदीच्या जागा कमीत कमी ठेवा. जॉब कार्डवर क्यूआर छापा आणि माल गेटबाहेर जाताना व परत येताना, एवढ्याच दोन ठिकाणी स्कॅन करून घ्या. दुसरा हमखास प्रश्न: "टॅलीला जोडतं का?" जोडता येतं. टॅली प्राइम पोर्ट ९००० वरून एक्सएमएलमध्ये नोंदी घेतं, पण तो संगणक चालू, टॅली उघडी आणि त्यात ती कंपनी लोड केलेली असेल तरच. संध्याकाळी अकाउंटंट मशिन बंद करून गेला की तुमची नोंद अडकते, आणि दोष तुमच्या सॉफ्टवेअरचा ठरतो. नोंदी रांगेत ठेवून सकाळी पाठवायची सोय पहिल्या दिवसापासून हवी. तिसरं, शेडमध्ये पत्र्याखाली मोबाइलला रेंज नसते. इंटरनेट गेल्यावरही चालणारं बनवा.

आणि अर्थकारण डोळे उघडे ठेवून बघा. महिना ४ हजारांचे २० ग्राहक म्हणजे ८० हजार. त्यातून सर्व्हर, पेट्रोल, एक सपोर्टचा मुलगा वजा केला की दोन भागीदारांना वाटायला ४५-५० हजार उरतात. तुमचा आजचा हातातला पगार १ लाख २० हजारांच्या आसपास असेल. म्हणजे त्या पगाराशी बरोबरी करायला, तीही एकट्याची, ४५-५० ग्राहक लागतात, आणि एकेका ग्राहकाला चालू करून द्यायला सुरुवातीला तीन-चार आठवडे जातात. याच कारणासाठी चालू करून देण्याचे वेगळे १५-२० हजार आधी घ्या. ते पैसे कामाचे तर असतातच, शिवाय पैसे मोजलेला मालक सुपरवायझरला नोंदी करायला लावतो. फुकट ट्रायल दिलेल्या शॉपमध्ये आठ दिवसांनी कोणी लॉगिनही करत नाही.

चाचणीचा निकाल कसा ओळखायचा? ३० पैकी ३ मालकांनी लेखी ऑर्डर दिली आणि त्यातले किमान २ तुमचे नातेवाईक-मित्र नसतील, तर पुढे जा. एकानेच दिली तर गिऱ्हाईक किंवा वस्तू बदलून आणखी तीन महिने बघा. एकही नाही, पण "छान आहे" म्हणणारे २५, तर उत्तर नाही असं आहे. पुण्यातल्या यशस्वी कंपन्यांची नावं घेऊन लोक वाद घालतात, एमबीए लागतं की नाही म्हणून. फर्स्टक्रायचे सुपम माहेश्वरी आयआयएम अहमदाबादचे, पर्सिस्टंटचे आनंद देशपांडे पीएचडी, अँटीव्हायरस बनवणाऱ्या क्विक हीलचे कैलास काटकर दहावीनंतर दुरुस्तीच्या कामाला लागलेले. या तिघांवरून पदवीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. काटकरांच्या उदाहरणातून घ्यायचंच असेल तर एवढं घ्या की दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस आहेत हे त्यांच्या दुकानात रोज दिसत होतं, अँटीव्हायरस त्यानंतर आला.

हे करताना नोकरीचा करार काढून वाचा. ऑफर लेटर नव्हे, रुजू होताना सही केलेला पूर्ण करार. तीन कलमं शोधा: दुसरं काम करण्यास मनाई, बनवलेल्या गोष्टींची मालकी, आणि गोपनीयता. कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड मालकाचा असतो, आणि अनेक करार त्याच्याही पुढे जाऊन नोकरीच्या काळात लिहिलेल्या सगळ्यावर हक्क सांगतात. म्हणून ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचं मेल, कंपनीने घेतलेली टूल्स, कंपनीची लायब्ररी, यातलं काहीही वापरू नका. चाचणीच्या सहा महिन्यांत कोड लिहायची खरं तर गरजच नाही. एक्सेल शीट आणि कागदावरचे स्क्रीन पुरतात. ऑर्डर घ्याल ती "काम अमुक तारखेनंतर सुरू होईल" अशी घ्या, ती तारीख रिलीव्हिंगनंतरची असू द्या, आणि पैसेही तेव्हाच. एवढंही तुमच्या करारात बसतं का हे वकिलाला करार दाखवून विचारा, काही हजारांत काम होतं. नोकरी सोडल्यावर "दोन वर्षं स्पर्धक धंदा करणार नाही" अशी अट असेल तर फार घाबरू नका, भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे अशी अट सहसा टिकत नाही. गोपनीयतेची अट मात्र टिकते, जुन्या कंपनीचे ग्राहक आणि कागद यांच्या जवळ जाऊ नका.

"बायकोच्या नावाने फर्म काढ" हा सल्ला हमखास मिळेल. करारात "प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष" असे शब्द असले तर तो उपयोगाचा नाही, आणि पैसा तुमचा असेल तर उत्पन्न करासाठी तुमच्याच उत्पन्नात मिळवलं जाऊ शकतं.

पैशाची तयारी. घरखर्च हप्त्यासकट महिन्याला १ लाख १० हजार धरला आणि बायकोचे ६० हजार वजा केले तर तूट ५० हजारांची. १८ महिन्यांचे ९ लाख. धंद्याचा सुरुवातीचा खर्च ३ लाख. आणि हात न लावायची तीन महिन्यांची रक्कम साडेतीन लाख. साडेपंधरा लाख झाले, तुमच्याकडे ११ आहेत. पीएफ यात धरू नका. उरलेले साडेचार लाख चाचणीचे सहा महिने आणि नोटीसचे ९० दिवस यांत दरमहा ५० हजार बाजूला टाकून जमतात. त्याच काळात सध्याच्या कंपनीतली तुमची ५ वर्षं पूर्ण होतात आणि ग्रॅच्युइटी मिळते. बेसिक ६० हजार असेल तर १५ भागिले २६ गुणिले ५ या हिशोबाने सुमारे १ लाख ७३ हजार. चार महिने आधी राजीनामा टाकून हे पैसे सोडणारे पाहिले की वाईट वाटतं.

नोकरी असतानाच आणखी दोन कामं उरका. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. आधीच स्वतःची फॅमिली फ्लोटर पॉलिसी घ्या, किंवा ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करा, म्हणजे जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ पुन्हा शून्यापासून मोजला जात नाही. आई-वडील पॉलिसीत असतील तर हे टाळू नका. दुसरं, टॉप-अप कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची मर्यादा वाढवून हवी असेल तर सॅलरी स्लिप असताना घ्या. धंदा सुरू झाल्यावर बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते.

नोंदणीबद्दल लोक गरजेपेक्षा जास्त बोलतात. बाहेरून भांडवल घ्यायचं नसेल तर पहिल्या दिवशी प्रायव्हेट लिमिटेड नको. ऑडिट आणि एओसी-४, एमजीटी-७ हे वार्षिक फॉर्म दरवर्षी येतातच, वर्षाला ४०-५० हजारांची तरतूद लागते, आणि फॉर्म उशिरा भरला तर प्रत्येकी दिवसाला १०० रुपये दंड चढत राहतो. दोघं आहात तर एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) ठीक. नोंदणीनंतर ३० दिवसांत एलएलपी करार दाखल करायला विसरू नका. सेवांसाठी २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, पण तुमचे ग्राहक इनपुट क्रेडिटसाठी (दिलेला जीएसटी स्वतःच्या करातून वळता करण्यासाठी) जीएसटीचं बिल मागतील. नोंदणी घेतली की पैसे आले नसले तरी कर पुढच्या महिन्यात भरावा लागतो. या पट्ट्यात ९० दिवसांची उधारी सर्रास चालते, त्यामुळे वर्गणी आगाऊ घ्या. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, पहिल्याच आठवड्यात करा. सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांच्या मुदतीत आणि आर्थिक वर्ष संपेपर्यंतही दिले नाहीत तर ग्राहकाला तो खर्च त्या वर्षी करात दाखवता येत नाही, ही गोष्ट मार्च महिन्यात मालकाला आठवण करून द्यायला चांगली असते.

मित्राबद्दल एकच. ५०-५० ठरवून हात मिळवू नका. दोघांचा हिस्सा चार वर्षांत हळूहळू पक्का होईल आणि पहिल्या वर्षाच्या आत जो बाहेर पडेल त्याला काहीच मिळणार नाही, हे एलएलपी करारात लिहा. आठव्या महिन्यात त्याला बंगळुरूची ऑफर आली आणि तो गेला, तर हा एक परिच्छेद नसल्यामुळे अर्धी कंपनी त्याच्या नावावर राहते. कोण शनिवारी शॉपवर जाणार आणि कोण घरी कोड लिहिणार हेही आत्ताच ठरवा. दोघांनाही कोडच लिहायचा असेल तर तिसरा माणूस शोधावा लागेल.

धंदा नाही चालला तर परत नोकरी मिळते का? मिळते, पण पडताळणी करणारी एजन्सी त्या १८ महिन्यांचा पुरावा मागते. एलएलपीची कागदपत्रं, जीएसटी रिटर्न, दोन-चार बिलं आणि ग्राहकाचं लेटरहेडवरचं पत्र जपून ठेवा. जुन्या कंपनीतून रिलीव्हिंग आणि अनुभवाचं पत्र घेतल्याशिवाय निघू नका. आणि आठवड्यातले काही तास तरी स्वतः कोड लिहीत राहा, दीड वर्ष फक्त विक्री केलेल्याला बॅकएंडची मुलाखत जड जाते.

जीमॅट मात्र या काळात एकदा देऊन टाका, तीन-चार महिने रोज दीड तास पुरतो. बाकी, करारातलं दुसऱ्या कामाबद्दलचं कलम शब्दशः आणि घरखर्चाचा खरा आकडा इथे टाकलात तर तारखा धरून पुढचं सांगता येईल. कंपनीचं नाव लिहू नका.